लुनाचं सीट

आमच्या लुनाच्या सीटला दोन डोळे आहेत.
लोक विचारतात. मी म्हणतो, रेक्झिन जुनं होतं.

जुनं नव्हतं.
नवंकोरं होतं, चंदेरी,
कुण्या रिक्षावाल्यानं सांगून ठेवलेलं, मग न नेलेलं.
बाप दुपारचा मशीनखाली आडवा झाला
आणि मी शटर अर्धं ओढून घेतलं,
पारोळ्याच्या त्या एप्रिलात, जेव्हा
कुत्रीसुद्धा गटारीतून उठायला राजी नसतात.
माप माझ्याच डोक्याचं. खडू, कात्री,
डोळ्यांना बाटलीचं बूच ठेवून दोन गोल.
तोंडाला भोक पाडायचं राहूनच गेलं.

निंबाच्या घरी केबल होती.
रात्री साडेदहाला, मुंग्यांनी भरलेल्या चॅनलवर
तो यायचा. आम्ही त्याला चांदीनाग म्हणायचो.
दोरीवर चढायचा, दोन्ही तळवे
कानांमागे फण्यासारखे उभारायचा
आणि थांबायचा.
उडी नंतर. आधी ते थांबणं.
मला ते थांबणंच शिकायचं होतं.

जिनिंगच्या आवारात कवडी कापसाचा ढीग उरलेला,
बैलगाडीचं जू म्हणजे वरची दोरी.
मी थांबायचो. निंबा खालून ओरडायचा,
उतर ना भो, माना हात दुखी राह्यनात.
घामानं रेक्झिन गालांना चिकटायचं,
आत माझाच श्वास, कालच्या कांद्याचा,
बाहेर सरकीचा वास, आणि वॉचमन सुपडूबाबा
एकटाच प्रेक्षक, बिडी विझवून बसलेला,
कापसाला आग लागू नये म्हणून.

मग आखाजी आली.
बोरीच्या कोरड्या पात्रात दंगल.
पोरांच्या कुस्त्या आधी, रेवड्यांवर.
मी मुखवटा घालून मातीत उतरलो.

हलगी चुकली. खरंच चुकली एक ठेका.
मग हसू पिकलं, काठाकाठानं, सगळीकडून.
वस्ताद पुढे आले. हसले नाहीत.
म्हणाले, तोंड दखाड.
मी मान हलवली.
नाव?
चांदीनाग, असं मी म्हणालो,
पण तोंडाला भोक नव्हतं,
बाहेर नुसतं हूं-हूं गेलं.
अरे, कोना पोऱ्या शे हाऊ?
भोंग्यावर विचारलं त्यांनी, सगळ्या गावाला.
इथं मातीत नाव आधी उतरतं,
गाव, बाप, तालीम, मग अंग.
माझ्यापाशी तर काहीच नव्हतं, दोन गोल भोकं सोडून,
आणि त्यांतून दिसणारा वस्तादांचा अर्धा पोटमांडा.

माना पोऱ्या शे.

उसाच्या गुऱ्हाळाशेजारून, बसल्या जागेवरून.
बाप उभासुद्धा राहिला नाही.
दुकानाबाहेर कधी त्याचा आवाज
इतका मोठा ऐकला नव्हता मी.
राहू द्या तोंडावर, म्हणाला. लागू द्या जोड.

जोड लागली. भडगावचा कुणी धुडकू,
माझ्याहून बोटभर बुटका.
मी तळवे कानांमागे नेले.
थांबलो.
थांबलो एवढं खरं.
पुढचं आठवतं ते आभाळ, पांढरंफेक,
आणि मागून कुठंतरी टर्र.

परत येताना लुनावर मी मागे बसलेलो,
दात मातीनं कचकचणारे,
मुखवटा मुठीत चुरगळलेला.
नाक्यापर्यंत तो काही बोलला नाही.
रेक्झिनचं विचारलं नाही, रिक्षावाल्याचं नाही,
अकरा सेकंदांत पडलो त्याचंही नाही.
नाक्यावर वेग कमी करून म्हणाला,
मांगली शिवन उसवनी.
डबल दोरा लेवाले जोयजे व्हता.

त्या रात्री त्यानं तो उसवून सपाट केला
आणि सीटवर चढवला. डबल दोऱ्यानं.
डोळे मात्र बुजवले नाहीत.
पावसाळ्यात त्यांतून स्पंजात पाणी मुरतं,
बसलं की पँट ओली होते दोन जागी.
तो गेल्याला आता सहा वर्षं झाली.
किक मारण्याआधी
मी अजून जरासा थांबतो.